सिगारेट सोडताना: तारीख, औषध आणि चहाची बदललेली जागा

सिगारेट सोडायची म्हणून कोणी आमच्या मेडिकलच्या काउंटरवर आलं की मी आधी एकच गोष्ट विचारते: सकाळी डोळे उघडल्यावर पहिली सिगारेट किती वेळात पेटते? दिवसाला किती ओढता, या प्रश्नावर लोक दोन-चार कमीच सांगतात. सकाळच्या वेळेबद्दल मात्र सहसा कोणी लपवत नाही. अर्ध्या तासाच्या आत पेटत असेल, तर शरीराची निकोटीनची मागणी जबर आहे आणि नुसत्या निश्चयावर सोडायला गेलात तर पहिले तीन दिवस जीव नकोसा होईल. पहिली सिगारेट थेट अकराच्या चहाबरोबर लागत असेल, तर सवयीची ओढ मोठी. बहुतेकांच्या बाबतीत दोन्ही असतं, कमी-अधिक.

धूर छातीत गेला की दहा-वीस सेकंदांत निकोटीन मेंदूपर्यंत पोचतं. सुमारे दोन तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं आणि पुन्हा अस्वस्थ वाटायला लागतं. 'सिगारेटने टेन्शन जातं' असं जे वाटतं, त्यातलं बरंचसं टेन्शन आधीच्या सिगारेटचा अंमल उतरल्यामुळेच आलेलं असतं. या मागणीवर औषध आहे. सवयीवर औषध नाही, तिथे दिवसाची घडी बदलावी लागते. दोन्ही कामं एकदम केली तर सिगारेट सुटण्याची शक्यता चांगलीच वाढते. कोणत्याही मदतीशिवाय सोडणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम तीन ते पाच जण वर्षभर टिकतात. तेव्हा आधी सोडून पुन्हा लागली असेल, तर 'माझ्यात दमच नाही' असा निष्कर्ष काढू नका. तुम्ही अवघड काम हत्यारांशिवाय करायला गेला होतात, एवढाच त्याचा अर्थ.

तारीख ठरवा, आणि तोवर चिठ्ठी लिहा

आजपासून दोन आठवड्यांच्या आतली एक तारीख धरा. त्याहून लांबची धरली की ती पुढेच सरकत राहते. घरात लग्न असेल, मार्च अखेरची कामं असतील, विसर्जनाच्या मिरवणुकीत पथकाबरोबर चालायचं असेल, तर तो आठवडा टाळा. काही जण श्रावण पाळतात, दारू-मटणाबरोबर सिगारेटही बंद ठेवतात आणि गणपती गेले की पुन्हा सुरू करतात. अशांना मला कळकळीने सांगावंसं वाटतं की तुमचं अर्ध्याहून जास्त काम दर वर्षी होऊन जातं! महिनाभर न ओढलेल्या माणसाच्या शरीराची मागणी जवळजवळ शमलेली असते. मग पुन्हा का पेटवायची?

तारीख येईपर्यंत नेहमीसारखं ओढा, फक्त प्रत्येक सिगारेटची नोंद करा. कागदाची एक छोटी चिठ्ठी पाकिटातच खोचून ठेवा, म्हणजे सिगारेट काढताना ती हाताला लागेल. नोंद अशी:

७.१० – संडासला जाण्याआधी – फार गरज
९.४० – कंपनीच्या गेटबाहेर, सुनीलबरोबर – तशी गरज नव्हती
११.०० – चहा, टपरी – गरज
२.०० – जेवणानंतर – फार गरज
६.१५ – बॉसचा फोन झाल्यावर – फार गरज
१०.३० – गच्चीवर, एकटा – कंटाळा

चार दिवसांत चित्र स्पष्ट होतं. यातल्या दोन-तीन सिगारेटी अशा निघतात की त्या कशासाठी ओढल्या ते तुम्हालाच सांगता येणार नाही. त्या तारखेआधीच बंद करा. 'फार गरज' लिहिलेल्या जागांची तयारी वेगळी करायची आहे, म्हणून चिठ्ठी जपून ठेवा.

सुट्टी सिगारेट घेणाऱ्यांनी तर चिठ्ठी लिहावीच. सुट्ट्या सिगारेटी आणि बिड्या विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, तरी टपरीवर त्या मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे. एकेक घेणाऱ्याला आपण किती ओढतो याचा अंदाजच राहत नाही. एका सिगारेटचे वीस रुपये धरले आणि दिवसाला आठ, तर महिन्याला ४,८०० रुपये होतात. पाकीट घेणाऱ्याला निदान रिकामी पाकिटं दिसतात.

टपरीवर उधारीचं खातं असेल तर तारखेच्या आधी मिटवून टाका आणि दादांना सरळ सांगा, 'उद्यापासून मी मागितली तरी देऊ नका.' हे सांगायला संकोच वाटतो, पण बहुतेक टपरीवाले गिऱ्हाइकाचं असं बोलणं मानतात. शिवाय चार जणांसमोर सांगितलेलं असलं की आपलाच हात पुढे व्हायला लाजतो.

आदल्या रात्री घर, गाडीची डिकी, ऑफिसचा ड्रॉवर, जॅकेटचे खिसे सगळं तपासा. लायटर, ॲशट्रे, उरलेलं पाकीट, अर्धवट विझवून ठेवलेलं थोटूक, सगळं बाहेर. 'अडीनडीला एक असू दे' म्हणून कपाटावर ठेवलेली सिगारेट हमखास ओढली जाते. हेल्मेटचं अस्तर आणि गाडीचे सीट कव्हर धुऊन टाका, वास तिथे फार दिवस राहतो.

घरच्यांना दोनच गोष्टी सांगा. एक, पुढचे पंधरा दिवस मी चिडचिड करेन, ती तुमच्यावर नसेल. दोन, 'आज ओढलीस का?' असं रोज विचारू नका आणि शर्टाचा वास घेऊ नका. पहारा बसला की माणूस लपवायला शिकतो. आणि लपवायला लागला की मदत मागणं थांबतं.

च्युइंगम नीट चघळणं

या भागावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. निकोटीनचं च्युइंगम लोक साध्या च्युइंगमसारखं चावतात. मग उचक्या लागतात, मळमळतं, छातीत जळजळतं. 'आपल्याला हे झेपत नाही' म्हणून दोन गोळ्यांनंतर पट्टी कपाटात पडते आणि माणूस पुन्हा टपरीवर जातो. औषध निकामी नव्हतं, ते पोटात गेलं. त्यातलं निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जायला हवं.

गोळी तोंडात टाकून सावकाश चावा, दहा-पंधरा वेळा. मिऱ्यासारखी तिखट चव आली किंवा झिणझिणायला लागलं की चावणं थांबवा. गोळी गाल आणि हिरडीच्या मध्ये सरकवून ठेवा. मिनिटभराने झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा चार-सहा वेळा चावा आणि आता दुसऱ्या गालात ठेवा. असं अर्धा तास. लाळ शक्यतो भराभर गिळू नका. गोळी घेण्याच्या पंधरा मिनिटं आधीपासून आणि ती तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक घ्यायचं नाही. तोंड आंबट झालं की निकोटीन शोषलं जात नाही. पाणी चालतं.

दुसरी गडबड प्रमाणाची. दिवसाला बारा सिगारेटी ओढणारा माणूस दोन गोळ्या घेतो आणि सांगतो, 'फरक पडला नाही.' पहिले सहा आठवडे जागेपणी दर एक-दोन तासांनी एक गोळी घ्यावी लागते, पुढचे तीन आठवडे दर दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे दर चार-आठ तासांनी. म्हणजे साधारण बारा आठवडे. तल्लफ टिपेला पोचल्यावर घेऊन उपयोग कमी, कारण सिगारेटच्या मानाने गोळीतलं निकोटीन रक्तात सावकाश चढतं. घड्याळाप्रमाणे घ्या.

गोळी दोन ताकदींत येते. २ मिलिग्रॅमची चिठ्ठीशिवाय मिळते, ४ मिलिग्रॅमला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट ओढणाऱ्यांना सहसा ४ मिलिग्रॅमची लागते, म्हणून तर मी तो सकाळचा प्रश्न विचारते. त्वचेवर चिकटवायचा निकोटीनचा पॅचही असतो. तो दिवसभर संथपणे निकोटीन देत राहतो आणि वरून लागेल तशी गोळी घ्यायची. एकट्या गोळीपेक्षा ही जोडी अधिक चालते.

'एका व्यसनातून दुसऱ्यात नाही ना जाणार?' हा प्रश्न रोजचा. निकोटीनची चटक लागते हे खरं, पण कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्यं आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटच्या धुरात असतात, गोळीत नाहीत. शिवाय गोळीचा झटका सिगारेटसारखा बसत नाही, त्यामुळे ती सोडणं बरंच सोपं जातं. गरोदरपणात, नुकताच हार्ट ॲटॅक येऊन गेला असेल तर, किंवा जबड्याचा त्रास अथवा कवळी असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्या.

पोटात घ्यायच्या गोळ्याही आहेत: ब्युप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन. दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच, आणि दोन्ही सोडायच्या तारखेच्या आठवडा-दोन आठवडे आधी सुरू करायच्या असतात, म्हणून तारीख ठरली की लगेच दवाखान्यात जा. फिट येण्याचा त्रास असणाऱ्यांना ब्युप्रोपिऑन देत नाहीत. व्हॅरेनिक्लिनचा डोस किडनी पाहून ठरतो. मित्राच्या उरलेल्या गोळ्या उसन्या घेऊ नका.

आणि एक गोष्ट, जी फार कमी जणांना सांगितली जाते. सिगारेटच्या धुरामुळे यकृत काही औषधं आणि कॅफीन भराभर संपवतं. सिगारेट थांबली की तेच कॅफीन रक्तात जास्त वेळ राहतं. मग पूर्वीइतकाच चहा-कॉफी घेऊनही हात थरथरतात, छाती धडधडते, झोप लागत नाही, आणि माणूस म्हणतो, 'सिगारेट सोडल्यामुळे मला त्रास होतोय.' पहिल्या दिवसापासून चहा-कॉफी निम्मी करा. दम्यावरचं थिओफिलिन, रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन, मनोविकारावरची क्लोझापिन-ओलान्झापिनसारखी औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल, तर सिगारेट सोडतोय हे त्या डॉक्टरांना आधी कळवा. डोस बदलावा लागू शकतो.

पहिले तीन दिवस, मग महिना

पहिले तीन दिवस सगळ्यात कठीण. चिडचिड, अस्वस्थता, भूक, झोपमोड, कशात लक्ष न लागणं, हे सगळं होतं आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. तोंड येऊ शकतं. खोकला काही दिवस वाढतो, त्याने घाबरू नका. श्वासनलिकेतली धुराने निपचित पडलेली लव पुन्हा हलायला लागते आणि साचलेला कफ बाहेर टाकते.

तल्लफ येते ती लाटेसारखी, आणि तुम्ही ओढा वा ओढू नका, बहुधा पाच-सात मिनिटांत उतरते. तेवढी मिनिटं निभावायची. पहिलं काम म्हणजे जिथे आहात ती जागा सोडा. मग घोट-घोट पाणी प्या, नाकाने सावकाश श्वास घेऊन त्याहून सावकाश तोंडाने सोडा, असं दहा वेळा. तोंडात लवंग, बडीशेप, भाजलेला ओवा, आवळकाठी काहीही चालेल. सुपारी मात्र नको. ती तंबाखूशिवाय खाल्ली तरी तोंडाच्या कर्करोगाला कारण ठरते.

आता चिठ्ठी काढा. 'फार गरज' लिहिलेली एकेक वेळ घेऊन तिथे काय करायचं ते ठरवा.

सकाळी सिगारेटशिवाय पोट साफ होत नाही, असं सांगणारे खूप आहेत आणि ते खरंच असतं. निकोटीन आतड्यांची हालचाल वाढवतं, ते बंद झाल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होतं. रात्री झोपताना इसबगोल, सकाळी दोन ग्लास कोमट पाणी आणि संडासला जाण्याची तीच ठरलेली वेळ, एवढं पंधरा दिवस पाळा. आतडी वळणावर येतात.

अकराचा चहा हा सगळ्यात मोठा सापळा, कारण तिथे चहा, मित्र, टपरी आणि धूर चारही एकदम हजर असतात. पहिला महिना त्या टपरीवर जाऊच नका. चहा जागेवर मागवा, वेळ साडेदहा करा, मित्रांना वर बोलवा. सिगारेट सोडायला निघालेला माणूस मित्र तुटतील म्हणून भितो. खरं तर त्यातल्या एखाद्याला तुम्ही आधीच फोडून ठेवलंत आणि तो तुमच्याबरोबर वरच थांबला, तर अर्धी लढाई तिथेच जिंकता. जेवण झालं की ताटावरून उठून थेट दात घासा आणि शतपावलीला निघा. वाटेत पानाची गादी असेल तर वाट बदला. बॉसच्या फोननंतर पाय आपोआप जिन्याकडे वळतात, तेव्हा जिना चढून वर जा, खाली उतरू नका.

दारू महिनाभर लांब ठेवा. सोडलेली सिगारेट पुन्हा हातात येते ती फार वेळा दुसऱ्या पेगनंतर.

वजनाची भीती रास्त आहे. सरासरी चार-पाच किलो वाढू शकतं. भूक लागली तर चणे-फुटाणे, काकडी, गाजर, फळं खा, रोज अर्धा तास चाला. पण डाएट त्याच महिन्यात सुरू करू नका, दोन उपास एकदम झेपत नाहीत.

बायकांना एक अडचण जास्तीची असते. मुंबई-पुण्यात नोकरी करणाऱ्या कितीतरी जणी घरच्यांना न सांगता ओढतात आणि त्यामुळे सोडतानाही घरात कोणाचा आधार घेता येत नाही. तुमच्यासाठी हेल्पलाइन फार उपयोगाची आहे. वय पस्तिशीच्या पुढे असेल आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर सिगारेटबरोबर त्या रक्ताच्या गुठळ्या आणि स्ट्रोकचा धोका वाढवतात, हे डॉक्टरांशी बोलाच. दिवस राहिले असतील तर हळूहळू कमी करत बसू नका, आजच थांबवा आणि डॉक्टरांना सांगा.

सिगारेटच्या जागी काय घेऊ नये

महाराष्ट्रात ही गोष्ट खास करून सांगावी लागते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले आणि बिनधुराची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे सिगारेट सोडलेल्या माणसाच्या आजूबाजूला मळलेली तंबाखू पुढे करणारा कोणी ना कोणी असतोच. 'धूर नाही ना, मग चालतं' असं म्हणून चिमूट घेतली की व्यसन तेच राहतं आणि धोका फुप्फुसातून तोंडात येतो. मावा, गुटखा, विदर्भातला खर्रा, सगळ्यांना हेच लागू.

बिडी सौम्य नसते. तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही, बिडी विझू नये म्हणून ती जोरात आणि वारंवार ओढावी लागते आणि धूर खोल जातो. 'लाइट' सिगारेटीही तशाच, निकोटीन कमी पडलं की माणूस झुरका लांबवतो. हुक्क्यातला धूर पाण्यातून गेल्याने निर्धोक होत नाही. ई-सिगारेट विकणं, आणणं, बनवणं भारतात २०१९ पासून कायद्याने बंद आहे, त्यामुळे जी मिळते तिच्यात काय भरलंय हे कोणीच तपासलेलं नसतं.

एखादी ओढली गेली तर

त्याच क्षणी उरलेलं पाकीट पाण्यात भिजवून फेका. एक सिगारेट म्हणजे घसरलेला पाय. 'आता मोडलंच आहे तर सोमवारपासून बघू' हा विचार मात्र खरा घात करतो, कारण तेवढ्या चार दिवसांत शरीर पुन्हा मागायला लागतं. औषध बंद करू नका, उलट पाहा की ते कमी तर पडत नव्हतं ना. मग ती सिगारेट कुठे, कोणाबरोबर, कशानंतर ओढली ते लिहा. बहुतेकदा तुमच्या पहिल्या चिठ्ठीत नसलेली जागा सापडेल: कॉलेजच्या मित्रांचं गेट-टुगेदर, गावची जत्रा, आजारी माणसाबरोबर हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर काढलेली रात्र, घरात मयत झाल्यावर अंगणात थांबलेली भावकी. दोन-तीन महिने स्वच्छ गेलेला माणूस या ठिकाणी घसरतो, कारण तोवर सावधपणा सैल झालेला असतो आणि समोरचा मायेने पाकीट पुढे करतो. अशा ठिकाणी जाण्याआधी खिशात गोळ्यांची पट्टी ठेवा आणि उत्तर तयार ठेवा. 'सोडली' हा एक शब्द पुरतो. 'सध्या कमी केलीय' म्हणालात तर आग्रह होणारच.

बोलायला कोणी हवं असेल तर राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १८००-११-२३५६ आहे, फोन मोफत. हा क्रमांक २०१८ पासून सिगारेटच्या पाकिटांवर छापला जातो. ०११-२२९०१७०१ या क्रमांकावर मिस्ड कॉल दिला तर मोबाइलवर संदेशांतून मदत मिळते. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही या हेल्पलाइनचं केंद्र आहे. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत तंबाखूमुक्ती केंद्रं आहेत. केस पेपर काढून तिथल्या समुपदेशकाला भेटायचं आहे असं सांगा.

पन्नाशी उलटलेले गृहस्थ काउंटरवर म्हणतात, 'आता सोडून काय उपयोग, व्हायचं ते नुकसान झालं.' त्यांना मी रिचर्ड डॉल आणि रिचर्ड पीटो यांनी ब्रिटिश डॉक्टरांवर केलेल्या अभ्यासाबद्दल सांगते. १९५१ पासून पन्नास वर्षं त्या डॉक्टरांची नोंद ठेवली गेली. तिशीत सिगारेट सोडणाऱ्यांचं आयुष्य ओढत राहणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षांनी वाढलं, चाळिशीत सोडणाऱ्यांचं नऊ, पन्नाशीत सहा आणि साठीत सोडणाऱ्यांचंसुद्धा तीन वर्षांनी. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड तर एक-दोन दिवसांतच उतरतो. हृदयविकाराचा वाढीव धोका वर्षभरात निम्म्यावर येतो, फुप्फुसाच्या कर्करोगाचा दहाएक वर्षांत. साठीतली तीन वर्षं म्हणजे नातवंडाची बालवाडी ते पहिली.

बारा आठवड्यांनंतरही गोळीची गरज वाटत असेल तर झटक्यात बंद करू नका, डॉक्टरांना विचारून आणखी काही आठवडे कमी करत न्या. वीस वर्षांच्या वर ओढली असेल, तर सोडल्यानंतर एकदा ब्लडप्रेशर आणि फुप्फुसांची फुंकून करायची चाचणी करून घ्या. आरशासमोर तोंड उघडून गालाच्या आत आणि जिभेखाली पाहा. न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, खोकला महिन्याहून जास्त लांबला किंवा थुंकीत रक्त आलं, तर सिगारेट सुटलीये म्हणून थांबू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.